हातमोज्यातले प्लास्टर आणि रक्तातले औषध

१९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर धावला आणि साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. तीन दिवसांनी त्याच्या लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल नावाचे स्टिरॉइड सापडल्याचे जाहीर झाले, सुवर्णपदक काढून घेण्यात आले आणि ते कार्ल लुईसला मिळाले. उत्तेजक द्रव्ये म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांना हीच गोष्ट आठवते, आणि त्यामुळे या प्रश्नाविषयी आपली एक ठराविक समजूत होऊन बसली आहे. औषध घेणारा खेळाडू म्हणजे परीक्षेत कॉपी करणारा विद्यार्थी! पकडला गेला तर त्याचा निकाल रद्द करावा, दुसऱ्याचा क्रमांक वर चढवावा, एक-दोन वर्षे त्याला परीक्षेला बसू देऊ नये, की न्याय झाला.

धावण्याच्या शर्यतीपुरती ही समजूत चालून जाईल. लुईस त्या दिवशी मागे पडला खरा, पण जॉन्सनने त्याला बोटही लावले नव्हते. मुष्टियुद्धाची गोष्ट मात्र अगदी निराळी. तेथे प्रतिस्पर्धी शेजारच्या पट्ट्यातून धावत नसतो. तो हातभर अंतरावर समोर उभा असतो. ज्या दंडात औषधाने बळ भरले तोच दंड त्याच्या कानशिलावर, जबड्यावर आणि बरगड्यांवर येऊन आदळत असतो. म्हणून माझे म्हणणे असे, की मुष्टियुद्धात औषध घेऊन उतरणे हा लपवलेल्या हत्याराने दुसऱ्याला इजा करण्याचा प्रकार आहे आणि त्याकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. उत्तेजक चाचणीला आपण नीतीचा नियम समजतो. वस्तुतः तो हातमोज्यासारखा सुरक्षिततेचा नियम आहे. एवढे मान्य केले तर या विषयातले बरेच गोंधळ सुटू शकतात.

'हत्यार' हा शब्द कुणाला भडक वाटेल. त्यासाठी एक जुनी हकीकत सांगतो. १६ जून १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिली कॉलिन्स हा एकवीस वर्षांचा, तोवर एकही लढत न हरलेला तरुण लुईस रेस्टोशी लढला. दहा फेऱ्या संपल्या तेव्हा कॉलिन्सचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. लढतीनंतर कॉलिन्सच्या वडिलांनी रेस्टोचा हात हातात घेतला आणि त्यांच्या लक्षात आले, की मोज्यात भरण असे जवळजवळ नाहीच. तपासात दोन्ही मोज्यांतले भरण काढल्याचे सिद्ध झाले. लढतीचा निकाल रद्द करण्यात आला. पण कॉलिन्सची नजर कायमची अधू झाली होती. त्याची कारकीर्द तेथेच संपली आणि पुढच्याच वर्षी मोटार अपघातात त्याचा अंत झाला. १९८६ साली न्यायालयाने रेस्टोला आणि त्याचा प्रशिक्षक पनामा लुईस याला दोषी ठरवून तुरुंगात पाठवले. आरोपांत हल्ल्याबरोबरच घातक हत्यार बाळगल्याचाही आरोप होता. पुष्कळ वर्षांनी रेस्टोने सांगितले, की त्या दिवशी हाताच्या पट्ट्याही प्लास्टरमध्ये भिजवलेल्या होत्या.

आता दुसरी हकीकत पाहा. २४ जानेवारी २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये शेन मोझली आणि आंतोनिओ मार्गारितो यांची लढत होती. लढतीपूर्वी मार्गारितोच्या हातांना पट्ट्या बांधल्या जात असताना मोझलीच्या प्रशिक्षकाला त्यांत काही कठीण लागले. पट्ट्या सोडायला लावल्या, तेव्हा आतल्या गाद्यांवर प्लास्टरसारखा पदार्थ निघाला. मार्गारितोचा परवाना रद्द झाला. साऱ्या मुष्टियुद्ध-जगताने संताप व्यक्त केला आणि तो योग्यच होता. पण याच मोझलीने २००३ साली ऑस्कर डी ला होयाला हरवले, त्या लढतीच्या तयारीत त्याने एरिथ्रोपोएटिन आणि इतर निषिद्ध द्रव्ये घेतली होती. हे त्याने स्वतः बाल्को प्रकरणात ज्यूरीपुढे सांगितले. आपण काय घेत आहोत याची कल्पना नव्हती, असे त्याचे म्हणणे. त्या लढतीचा निकाल आजही त्याच्याच नावावर आहे!

मित्रहो, एकाच माणसाच्या आयुष्यातले हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. प्लास्टर डोळ्यांना दिसते, बोटांना लागते, म्हणून आपले रक्त उसळते. औषध रक्तात विरघळलेले असते, म्हणून आपण म्हणतो, 'जाऊ द्या, सगळेच घेतात.' ज्याच्या तोंडावर ठोसा बसतो त्याला या दोहोंत काय फरक?

येथे एका शब्दाचाही विचार केला पाहिजे. आपल्या वर्तमानपत्रांत 'उत्तेजक' हा शब्द रूढ झाला आहे, पण तो काहीसा फसवा आहे. त्याने असे चित्र उभे राहते, की खेळाडू मैदानात उतरण्यापूर्वी काहीतरी गिळतो आणि त्याला चेव चढतो. तशीही द्रव्ये आहेत. पण मुष्टियुद्धात ज्यांचा सुळसुळाट आहे ती बहुतेक वेगळ्या जातीची. स्टिरॉइडांमुळे स्नायू वाढतात आणि कठोर सरावानंतर शरीर लवकर सावरते, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच सराव करता येतो. एरिथ्रोपोएटिन रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते, त्यामुळे स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो आणि दहाव्या-अकराव्या फेरीतही दम टिकतो. मूत्र वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातले पाणी निघून जाते आणि वजनकाट्यावर आकडा उतरतो. शिवाय इतर द्रव्यांचा माग लपवायलाही त्यांचा उपयोग होतो.

हे सर्व फायदे मुष्टियुद्धात नेमके कोठे लागू पडतात ते पाहिले म्हणजे अंगावर काटा येतो. शेवटच्या फेऱ्यांत दमलेल्या माणसाचे हात खाली येतात, मान सैल पडते आणि डोके चुकवण्याची चपळाई संपते. याच वेळी समोरच्याच्या हातात पहिल्या फेरीचे बळ असेल तर? १९८२ च्या नोव्हेंबरात लास वेगास येथे दक्षिण कोरियाचा किम डुक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांतच मरण पावला. त्या लढतीचा औषधांशी काही संबंध नव्हता. पण तिच्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने अजिंक्यपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या आणि इतर संघटनाही हळूहळू त्याच वाटेने गेल्या. दमलेल्या माणसाला मार खावा लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. वजनगटांचा हेतूही तोच. १४७ पौंडांच्या माणसाने १४७ पौंडांच्या माणसाशीच लढावे, म्हणजे ठोसा देणारा आणि झेलणारा यांच्यात काही प्रमाण राहील. मोजे, वजन, फेऱ्या, रिंगजवळ बसलेला डॉक्टर, मध्ये पडणारा पंच, हे सारे नियम एकाच कारणासाठी जन्माला आले. या खेळात माणसे एकमेकांना मारतात, म्हणून त्या मारण्याला माप हवे. औषध हे माप मोडते. तेव्हा लघवीच्या बाटलीची जागा मोजे आणि वजनकाटा यांच्या रांगेतच आहे.

मग चाचणी होत नाही काय? होते, पण कशी होते ते पाहण्यासारखे आहे. नमुना घेऊन त्याचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग करतात. 'अ' दोषी निघाला तर खेळाडूला 'ब' तपासून घेण्याचा हक्क असतो. व्यवस्था चांगली आहे, परंतु नमुना कधी घेतला जातो यावर तिचे सारे यश अवलंबून. औषधाचा खरा उपयोग सरावाच्या आठ-दहा आठवड्यांत होतो, आणि लढतीच्या दिवसापर्यंत शरीर स्वच्छ करून येणाऱ्याला त्या दिवशीची चाचणी सहसा पकडू शकत नाही. म्हणून न सांगता, कोणत्याही दिवशी घरी किंवा सरावाच्या जागी जाऊन नमुना घ्यावा लागतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात हे करायचे कोणी? जागतिक म्हणवणाऱ्या प्रमुख संघटनाच चार. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे मंडळ निराळे. मार्गारेट गुडमन या मज्जातंतुतज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या पुढाकाराने २०११ साली व्हाडा ही संस्था निघाली आणि तिने मोठे काम केले. पण तिच्या नावातच 'ऐच्छिक' हा शब्द आहे. लढणाऱ्यांनी आणि आयोजकांनी ठरवले तर चाचणी! फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाव यांची २०१० साली ठरत आलेली लढत रक्तचाचणीच्या अटींवरून फिसकटली आणि ती शेवटी २०१५ च्या मे महिन्यात झाली, हे अनेकांना आठवत असेल. मोज्यांचे वजन किती असावे यावर कधी कुणी अशी घासाघीस केली आहे काय?

आणि दोष सापडला तरी पुढे काय? २०१२ च्या ऑक्टोबरात ब्रुकलिन येथे एरिक मोरालेसच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडल्याची बातमी लढतीपूर्वीच फुटली, तरीही लढत झाली. २०२२ साली लंडनमध्ये कॉनर बेनच्या नमुन्यात क्लोमिफीन सापडले, तेव्हाही आयोजकांचा कल आधी लढत पार पाडण्याकडेच होता. ब्रिटिश मंडळाने मनाई केली, तेव्हा कोठे ती थांबली. बेनने दोष कधीच मान्य केला नाही आणि २०२४ साली तो त्या प्रकरणातून मोकळाही झाला. मधल्या काळात एका संघटनेने भरमसाट अंडी खाल्ल्याचे कारण शक्य कोटीतले मानले, दुसऱ्या संस्थेने त्याच्याविरुद्ध खटला चालवला. दोन वर्षे अखेरचा शब्द कुणाचा हेच कुणाला ठाऊक नव्हते.

त्याहून बोलके उदाहरण २० एप्रिल २०२४ चे. ब्रुकलिनमध्येच रायन गार्सियाने डेव्हिन हेनीला तीन वेळा खाली पाडले आणि लढत जिंकली. गार्सियाचे वजन ठरलेल्यापेक्षा ३.२ पौंडांनी जास्त भरले होते. लढतीच्या आदल्या दिवशीच्या आणि त्या दिवशीच्या नमुन्यांत ऑस्टरिन सापडल्याचे कळले ते लढत होऊन गेल्यावर. आपण जाणूनबुजून काही घेतले नाही, पूरक आहारात भेसळ असावी, असे त्याचे म्हणणे. न्यूयॉर्कच्या मंडळाने वर्षाची बंदी घातली, मानधन परत घेतले, दंड केला आणि निकाल 'लढत झालीच नाही' असा बदलला. कागदावर ती लढत आता नाही. हेनी मात्र तीन वेळा खाली पडला होता, आणि ते ठोसे कोणत्या ठरावाने परत घेणार? शर्यतीचा निकाल मागाहून दुरुस्त करता येतो. मार मागाहून दुरुस्त करता येत नाही. म्हणून मुष्टियुद्धात चाचणीचा निकाल घंटा वाजण्यापूर्वी हाती असला पाहिजे. तो येत नसेल तर लढतच पुढे ढकलावी. २०१९ साली जॅरेल मिलरच्या नमुन्यांत एक नव्हे तीन निषिद्ध द्रव्ये सापडली आणि अँथनी जोशुआशी होणारी त्याची लढत आठवडे आधी रद्द झाली. वेळेवर केलेली चाचणी काय करू शकते हे त्यावरून दिसते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निरपराध माणूस सापडला तर? २०११ साली मेक्सिकोत सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा झाली, तेव्हा शंभरावर खेळाडूंच्या नमुन्यांत क्लेनब्युटेरॉलचे अंश निघाले. गुरांना दिलेले ते औषध मांसातून पोटात गेले होते. २०१८ साली सॉल 'कानेलो' आल्वारेसनेही तेच कारण दिले, त्याला सहा महिन्यांची बंदी झाली आणि मे महिन्यातली गोलोव्किनशी होणारी लढत सप्टेंबरात गेली. आपल्याकडचे उदाहरण कुस्तीतले आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर दोषी ठरला. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी औषध कालवले असे तो सांगत राहिला. भारतातील शिस्त समितीने ते मान्य केले, क्रीडा लवादाने मानले नाही, आणि लढतीच्या आदल्या दिवशी त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. खरे काय ते मी येथे बसून ठरवणार नाही. पण उमेदीची चार वर्षे हातातून जाणे म्हणजे काय, हे तालमीत वाढलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही.

माझ्या मते येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. 'हा माणूस दोषी आहे काय?' हा एक, आणि 'याला आज रिंगणात सोडावे काय?' हा दुसरा. हातमोज्याचे उदाहरण पुन्हा घ्या. पट्टी कठीण लागली तर ती कुणी बांधली, कशी बांधली, मुद्दाम की चुकून, याची चौकशी पंच करीत बसत नाही. तो आधी पट्टी सोडायला लावतो. मार्गारितोही म्हणाला, की मला ठाऊक नव्हते; त्याच्या प्रशिक्षकानेही चूक आपली असल्याचे सांगितले. म्हणून त्याला त्याच पट्ट्यांनी लढू द्यावे असे कुणी सुचवले नाही. रक्ताच्या बाबतीत हाच न्याय लावावा. नमुन्यात दोष निघाला तर लढत थांबावी, ताबडतोब आणि अपवादाशिवाय. शिक्षेचा प्रश्न मात्र सावकाश, पुरावा पाहून, खेळाडूला वकील देऊन सोडवावा. मांसातून औषध गेल्याचे पटले तर त्याच्या नावाला डाग लागू नये. असे केले तर निरपराध माणसाची एक लढत जाईल, आयुष्य जाणार नाही. आणि समोरच्याचा मेंदूही पणाला लागणार नाही.

दुसरा आक्षेप धीट लोकांचा असतो. 'सगळ्यांनाच घेऊ द्या, म्हणजे समानता येईल!' वादविवाद स्पर्धेत हे वाक्य टाळ्या घेते. पण औषधाने दंड बळकट होतात. कवटीच्या आतला मेंदू बळकट होत नाही. दोघांनीही घेतले तर ठोसे दुप्पट वजनदार होतील आणि डोकी होती तशीच राहतील. शिवाय 'घेऊ द्या' याचा अर्थ थोड्याच दिवसांत 'घ्यावेच लागेल' असा होतो. हा खेळ जगभर बहुधा गरिबाघरची मुले खेळतात. ज्याच्याजवळ चांगला डॉक्टर आहे तो मोजून घेईल आणि ज्याच्याजवळ नाही तो ऐकीव मापाने घेईल. समानता ती कोठली?

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, आपल्या वार्षिकांकात त्याचे काय, असे कुणी विचारील. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२२ सालच्या अहवालात भारतातील ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते, आणि पुढच्या दोन वर्षांतही आपण या यादीत वरच राहिलो. त्याच २०२२ साली आपल्या संसदेने उत्तेजकविरोधी कायदाही केला. मुष्टियुद्धही या यादीबाहेर नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळलेला सुमीत सांगवान २०१९ साली अॅसिटाझोलामाइडसाठी दोषी ठरला आणि त्याला वर्षाची बंदी झाली. हे मूत्र वाढवणाऱ्या जातीचे औषध, डॉक्टर ते डोळ्यांच्या विकारावरही देतात. म्हणजे औषधाच्या दुकानातली साधी गोळीदेखील खेळाडूला कोठे नेऊ शकते ते पाहा.

मी स्वतः दोन वर्षे जिमखान्यात मुष्टियुद्धाचा सराव करतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांपलीकडे मी गेलेलो नाही आणि तेथे कुणी माझ्यापुढे नमुन्याची बाटली धरलेली नाही. पण आपल्या गावातल्या व्यायामशाळांत भुकटीचे डबे आले आहेत आणि काही ठिकाणी डब्यामागून इंजेक्शनेही आली आहेत. वजन करण्याच्या आदल्या रात्री पाणी काढणाऱ्या गोळ्या 'सगळेच घेतात' म्हणून सुचवल्या जातात. सुचवणारा बहुधा वयाने मोठा, पिळदार दंडाचा, आणि आपण ज्याला 'दादा' म्हणतो असा असतो. अठरा वर्षांच्या मुलाला त्या दादाला 'नको' म्हणणे किती कठीण जाते ते मी पाहिले आहे. डब्यावर काय लिहिले आहे ते तो वाचत नाही. वाचले तरी कळत नाही. आणि कळायला हवे असे त्याला आजवर कुणी सांगितलेलेही नाही.

तेव्हा आपल्या प्राध्यापकांना आणि जिमखान्याच्या चिटणीसांना माझी विनंती आहे, की महाविद्यालयाच्या पातळीवर होण्यासारख्या दोन-तीन गोष्टी तरी व्हाव्यात. निषिद्ध द्रव्यांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नवी लागू होते. ती मराठीत समजावून जिमखान्याच्या फलकावर लावावी. वर्षातून एकदा डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, आणि ते खेळाडूंपुरतेच नसावे. वजन लढतीच्या दिवशीच सकाळी घेतले जावे असा आग्रह आपल्या संघाने धरावा, म्हणजे रात्रभरात पाणी काढून दुसऱ्या दिवशी भरण्याचा मोह कमी होईल. यांतल्या कशालाही मोठा खर्च नाही.

माझ्याबरोबर सराव करणाऱ्या मित्रांनाही एक सांगायचे आहे. चाचणीचा नमुना मागितला की आपल्यावर अविश्वास दाखवला, असे मानण्याची आपली प्रवृत्ती असते. लढतीपूर्वी पंच आपले मोजे दाबून पाहतो तेव्हा आपल्याला अपमान वाटतो काय? उलट समोरच्याचेही मोजे तो तसेच दाबून पाहणार आहे, या भरवशावर आपण हात खाली करून त्याच्यापुढे उभे राहतो. नमुना देणे हा तोच भरवसा आहे. आज मी दिला तर उद्या समोरच्याकडून मागण्याचा अधिकार मला राहील. ज्याला दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा मारायची परवानगी समाजाने दिली आहे, त्याने आपल्या मुठीत आणि आपल्या रक्तात काय आहे हे दाखवायला तयार असलेच पाहिजे.